सुट्टीवरच्या पोकलेनची नोंद

आमच्या डोंगरात डाकीण ठरवून बायकांना कसं छळतात ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे भूतखेत, करणी असलं कुणी बोलायला लागलं की माझं डोकंच फिरतं. पण या होळीला जे झालं ते कुणाला सांगू? घरात तोंड उघडता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

मोलगीकडच्या घाटरस्त्याच्या कामावर मी साइट ऑफिसात आहे. कुठलं मशीन कुठे, किती वेळ चाललं, या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये तपासायच्या आणि चुकीच्या डिलीट करायच्या, हे माझं काम. माझा नवरा गुलाबसिंग तिथेच पोकलेन चालवतो. ऑपरेटरने मोबाइलवरून मशीन चालू केल्याचं टाकलं की नोंद माझ्या स्क्रीनवर येते.

यंदा गुलाबने काठी गावच्या होळीत बुध्या, म्हणजे अंगाला राख फासून नाचणारा, व्हायचं व्रत धरलं होतं. आम्ही त्याला पालनी म्हणतो. पालनीतल्या माणसाने बायकोपासून लांब राहायचं, खाटेवर झोपायचं नाही. त्याच्या नाचायच्या घुंगरांच्या पट्ट्यालाही मी हात लावायचा नाही. आमची खोली केवढीशी... हात लागणारच! म्हणून पट्टा त्याने खालच्या खदानीत उभ्या पोकलेनच्या केबिनमध्ये ठेवला होता. निघताना मोबाइल बंद करून ओट्यावर ठेवला, लांबूनच म्हणाला, "पट्टा घेतो आणि तसाच डोंगरावरून काठीला जातो." (घरी आम्ही भिली बोलतो, इथे सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितेय.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात बसते तोच स्क्रीनवर नोंद — ऑपरेटर गुलाबसिंग, पोकलेन, खालची खदान, चालू.

आमचे सुपरवायझर आप्पा खाली ब्राह्मणपुरी गावचे, अहिराणी बोलणारे. बोलायला तिखट, मनाने बरे. ते मागून डोकावले.

"सुनीता, तुन्हा नवरा होळीले गया ना? मंग हाई मशीन कोन चालाडी ऱ्हायना, त्यान्हा भूत?"

मलाही हसू आलं. गुलाबचा मोबाइल माझ्या पर्समध्ये, बंद. आणि सुट्टीत चोरी नको म्हणून मेकॅनिकने त्या पोकलेनची बॅटरी काढून आणलेली, ती माझ्याच टेबलाखाली! सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की डिलीट करायचं? मी 'हो' दाबलं.

जेवून येते तर नोंद परत हजर. पुन्हा काढली. आता आप्पांचा आवाज बदलला.

"तू हाई काय करी ऱ्हायनी? डिझेलना हिशोब मालेच मांगतीन!"

म्हणजे नवऱ्याचे खोटे तास मीच टाकतेय, असं त्यांना वाटलं. मला इतकं लागलं ते! दुसऱ्या दिवशी सकाळी तीच नोंद तिसऱ्यांदा दिसली तेव्हा मी दात-ओठ खात माउस आपटला आणि ती उडवली.

दुपारी सासऱ्यांचा फोन आला, मोलगीच्या बाजारातून. मागे ढोल वाजत होते. गुलाबला अजून सुट्टी नाही का दिली, म्हणाले... आपल्या गावचे बाकीचे सगळे बुध्या जमलेत.

घरच्यांना वाटत होतं तो साइटवर अडकलाय, साइटवर सगळ्यांना वाटत होतं तो घरी पोचला. आणि मी बायको — पालनी म्हणून मी चौकशीच केली नव्हती.

तो पट्टा घ्यायला खदानीत गेला होता, एवढं मी आप्पांना सांगितलं आणि त्यांनी जीप काढली. खदानीची वरची कड खचली होती. मातीतून पोकलेनचा फक्त हात वर दिसत होता. ऑपरेटर सगळे होळीला गेलेले, दुसरं मशीन चालवणार कोण? मी नखांनी माती उकरत होते, ओरडत होते. आप्पा मला ओढत होते, "दगड हाली ऱ्हायना, मांगे सर!"

वरच्या वाटेने काठीला निघालेले दुसऱ्या गावचे बुध्या ते ऐकून खाली धावले. अंगाला राख, कमरेला भोपळे, तसेच दगड उचलायला लागले. माझे हात त्यांच्या हातांना लागत होते. कुणीही पालनीचं नाव काढलं नाही.

केबिन चेपली होती, पण आत हवा होती. गुलाब जिवंत होता!

उजवा पाय मात्र दबून काळा पडला होता. नंदुरबारला डॉक्टर म्हणाले, काल आणला असता तर वाचला असता. गुडघ्याखालून काढावा लागला.

सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं. डिलीट केलेल्या नोंदी त्यांच्याकडे दिसतात. डिलीट कोणी केल्या — तिन्ही ठिकाणी माझं नाव. टाकल्या कोणी — तिथे काहीच नाही. असं होऊच शकत नाही, म्हणतात. बॅटरी मेकॅनिकने स्वतः काढलेली. मी रात्र-रात्र विचार केला, मला काही म्हणजे काही उलगडत नाही.

हे एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण शुद्धीवर आल्यावर गुलाब म्हणाला, "किल्ली फिरवली की मशीन चालू व्हायचं. बकेटने माती सरकवायचो, थोडा उजेड दिसायला लागायचा... आणि बंद! तीनदा झालं. कोण बंद करत होतं गं?"

डॉक्टर म्हणतात, बेशुद्धीत माणसाला भास होतात. तो मात्र अजून विचारतो. मी खाली मान घालून त्याच्या दुसऱ्या पायाला तेल चोळत राहते.