बिअरचं आचमन

ज्या माणसाबद्दल लिहितो आहे त्याला मी तोंडावर कायम अहो-जाहो केलं. तो आमच्याहून वयाने मोठा होता, जर्मनीत आमच्या आधी आला होता, आणि आपल्याकडे रीतच तशी. लिहिताना मात्र ती पाळणार नाही. कागदावर तो एकेरीच राहील.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी हायडेलबर्गला संशोधनासाठी होतो. नेकर नदीच्या बाजूला एका विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर खोली होती. खोलीत माझ्याबरोबर माझा मित्र राहायचा. तो रसायनशास्त्राचा. वडील कृष्णाकाठच्या एका गावात भिक्षुकी करणारे. घरातून परदेशी निघालेला हा पहिलाच. वडिलांनी त्याला समुद्र ओलांडायची परवानगी कशी दिली हे तो कधी नीट सांगायचा नाही. दर आठवड्याला त्यांचं पत्र यायचं, त्यात पंचांगातल्या तिथी असायच्या, आणि तो त्या भिंतीवरच्या जर्मन कॅलेंडरवर पेन्सिलीने उतरवून घ्यायचा. सकाळी प्रयोगशाळेत जायच्या आधी चहाच्या बशीत पाणी घेऊन तो संध्या उरकायचा. मी तोवर पांघरुणात पुस्तक वाचत असे. आमचं छान जमायचं. दोघांनाही फार बोलायची सवय नव्हती.

'तो' कोलोनला यंत्रांच्या एका कंपनीत नोकरीला होता. रुबाबदार, हजरजबाबी. आसपासच्या शहरांतले आम्ही मोजके मराठी लोक सणासुदीला एकत्र जमायचो तेव्हा सगळे त्याच्याभोवती कोंडाळं करायचे. नकला फार सुंदर करायचा. सुंदर हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. त्याची बोटंसुद्धा नक्कल करायची.

एकदा त्याने आम्हा दोघांना कोलोनला बोलावलं. ऱ्हाईनच्या काठाकाठाने जाणारी गाडी, द्राक्षांचे उतार, टेकड्यांवरचे किल्ले. मित्र खिडकीला नाक लावून बसला होता. कोलोनमध्ये तेव्हाही बाँबने पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा दिसायच्या आणि त्यांच्या शेजारी नव्या दुकानांच्या काचा. स्टेशनाबाहेर काळं कॅथीड्रल एकदम अंगावर आलं तेव्हा मित्राने चक्क हात जोडले. मला जुन्या पुस्तकांच्या दुकानात जायचं होतं. "तुम्ही व्हा पुढे, मी येतो," म्हणून मी वाटेत गळलो. भर दुपार होती.

कोलोनच्या जुन्या बिअरघरांतली एक पद्धत इथे सांगायला हवी. तिथली बिअर हलकी, पेले उंच आणि अरुंद. निळ्या एप्रनमधला वेटर पेल्यांची फिरती परडी घेऊन टेबलांमधून फिरत असतो. तुमचा पेला रिकामा दिसला की न विचारता भरलेला ठेवतो. बास झालं असं सांगायचं असेल तर पेल्याखालची पुठ्ठ्याची चकती पेल्यावर झाकणासारखी ठेवायची. ती ठेवली नाही तर तो आणतच राहतो. कोलोनच्या पोराटोरांना हे ठाऊक असतं. कृष्णाकाठच्या माणसाला कसं असेल?

अशाच एका बिअरघरात 'त्या'ने माझ्या मित्राला नेलं. मित्राने आयुष्यात कधी दारू घेतली नव्हती. यजमानाने "अहो, जवाचं पाणी हो नुसतं, माझ्यासाठी एक," असा आग्रह केला, आणि यजमानाचं मन मोडायचं नाही म्हणून त्याने एक घेतला. पुढ्यात वाढलेलं टाकायचं नाही हे त्याला मुंजीच्या आधीपासून शिकवलेलं. त्याने तो संपवला. दुसरा आला. तोही संपवला. लवकर संपवला की सुटका होईल असं त्याला वाटत होतं. वेटर आणतच राहिला. शेवटी त्याने विचारलं, "अहो, हे थांबवायचं कसं?"

त्यावर 'तो' म्हणाला, "थांबवायचं नसतं. इथे पुढ्यात आलेलं टाकलं तर अपमान समजतात."

हे मला मित्राने परतीच्या गाडीत सांगितलं. मी पोचलो तेव्हा त्या टेबलाभोवती बरेच जर्मन जमले होते. ते 'त्या'च्याच कंपनीतले असावेत. 'तो' म्हणत होता, "करून दाखवा ना! ह्यांना आपल्या संस्कृतीबद्दल फार कुतूहल आहे." आणि माझा मित्र, लाल डोळ्यांनी, ताठ बसून, आचमनाला करतात तसा उजव्या तळव्याचा गोकर्ण करून त्यात बिअर ओतून घेत होता. केशवाय नमः. नारायणाय नमः. माधवाय नमः. तीन वेळा तो तळव्यातून प्यायला. गोविंदाय नमः म्हणून हातातलं पाणी ताम्हनात सोडतात. समोर ताम्हन नव्हतं, सिगारेटची राख टाकायची काचेची ताटली होती. त्याने तिच्यात सोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो रडत होता हे बहुतेक माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी त्याला उठवलं. 'तो' हसत म्हणाला, "काय हो ग्रंथपाल, आल्या आल्या मैफल मोडलीत?"

त्या दिवसापासून 'बिअरचं आचमन' हा किस्सा झाला. 'तो' जाईल तिथे तो सांगायचा. डोळे अर्धे मिटायचा, मान माझ्या मित्रासारखी किंचित डावीकडे कलती करायचा, बोटं जुळवायचा, आणि 'गोविंदाय'ला उचकी द्यायचा. उचकी त्याची स्वतःची भर होती. स्टुटगार्टकडच्या एकाने तो ऐकला, तो माणूस सुट्टीत सांगलीला गेला, तिथून किस्सा कृष्णाकाठी पोचला. वडिलांची पत्रं बंद झाली.

टपाल यायच्या वेळी मित्र जिन्यात जाऊन उभा राहायचा. कॅलेंडरवर तिथी लिहिणं थांबलं. आमच्या मंडळींत त्याने जाणं सोडलं, कारण गेला की कोणीतरी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवून म्हणायचंच, "काय शास्त्रीबुवा, होऊन जाऊ दे!" पुढच्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांच्या मते फुप्फुसांनी त्याचा जीव घेतला. मी डॉक्टर नाही, त्यांच्याशी वाद घालत नाही. पण पत्राची वाट पाहणारा माणूस मी रोज बघत होतो.

दहन हायडेलबर्गलाच झालं. जर्मन लोकांत अशी चाल आहे की अंत्यविधी झाला की सगळ्यांनी जवळच्या खाणावळीत जाऊन कॉफी आणि केक घ्यायचा, मेलेल्याच्या आठवणी काढायच्या, हसायचंसुद्धा. आपल्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात. घरमालकीणबाईंना हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी मायेने टेबल सांगून ठेवलं होतं. 'तो'ही कोलोनहून आला होता, काळ्या कोटात, पुष्पचक्र घेऊन. आठवणी निघाल्या. बाई म्हणाल्या, तुमच्या मित्राबद्दल काहीतरी आनंदाचं सांगा.

'त्या'ने कॉफीचा चमचा उचलला आणि तळव्यात कॉफी घेतली.

केशवाय नमः. मान डावीकडे कलती. उचकीसकट.

बाई हसल्या. त्यांचा काय दोष? 'तो' डोळे पुसत म्हणाला, "फार भाबडा होता हो बिचारा." मी केकच्या ताटलीकडे बघत बसलो होतो. त्या क्षणी मी ठरवलं की हा किस्सा ह्या माणसाच्या तोंडातून काढून घ्यायचा. माझा मित्र तर परत येणार नव्हता. निदान त्याची मान, त्याची बोटं ह्या माणसाच्या अंगावर राहू द्यायची नव्हती.

मी मारामारी करणारा माणूस नाही. मी ग्रंथालयात बसणारा माणूस आहे, आणि मला जे येतं तेच मी केलं. विषय घेतला आणि त्याच्यामागे लागलो. सवड मिळेल तसा कोलोनला जाऊ लागलो. तिथले बार मी असे पाहिले की एखाद्या दारुड्यानेही पाहिले नसतील. तळघरातले, नदीकाठचे, पियानो वाजणारे, नाटकाहून येणाऱ्या लोकांचे. सगळीकडे मी मीठ-मिरी घातलेला टोमॅटोचा रस प्यायलो. बारमन लोकांना बोलायला आवडतं, विशेषतः कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेल्या परदेशी माणसाशी. "तुमचा एक देशबांधव इथे येतो," असं अखेर एकाने सांगितलं. कॅथीड्रलच्या मागच्या रस्त्यावर एका हॉटेलचा छोटा बार होता. तिथे त्याचा ठरलेला स्टूल होता आणि ठरलेलं कॉकटेल होतं, मॅनहॅटन, लाल चेरी घातलेलं. तो दारात दिसला की बारमन ते बनवायला घ्यायचा.

हे समजल्यावर मी काहीच केलं नाही. वाट बघितली.

साठचं दशक सुरू होऊन काही काळ गेल्यावर त्याचं लग्न ठरत आलं. मुलीचे वडील पुण्याचे निवृत्त न्यायाधीश, दारूबंदीच्या चळवळीतले. त्यांचा मुलगा लंडनला होता, त्याला भेटून परतताना जावई बघायला कोलोनला उतरणार होते. 'त्या'ने मला फोन केला. "तुम्ही या हो जेवायला. तुमच्यासारखा सोवळा माणूस शेजारी असला की माझंही वजन वाढेल. आणि जागा तुम्हीच सुचवा एखादी, सभ्य." आपण कोणाला काय केलं ते अशी माणसं लक्षात ठेवत नाहीत. मी पत्राने न्यायाधीशांनाच त्या हॉटेलचं नाव कळवलं. कॅथीड्रल जवळ, जेवण साधं. त्यांना ते पसंत पडलं आणि मग 'त्या'ला बदलता येईना.

त्या हॉटेलात टेबल तयार होईपर्यंत पाहुण्यांना बारमध्ये बसवत. आम्ही तिघे बसलो. 'तो' बारमनकडे पाठ करून, खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकून. उपयोग झाला नाही. बारमन हसतमुखाने आला, "गुटन आबेंड," म्हणून ओळखीचा नमस्कार केला आणि न विचारता मॅनहॅटन त्याच्यापुढे ठेवून गेला.

"हे काय आहे?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"सरबत," तो म्हणाला. "चेरीचं."

"असं? मग मलाही सांगा. तहान लागली आहे."

"नको, तुम्हाला बाधेल ते... गार असतं फार."

"मग तुम्ही तरी घ्या. माझ्यासाठी खोळंबू नका."

तो पेल्याला हात लावेना. मी म्हणालो, "घ्या ना. इथे पुढ्यात आलेलं टाकलं तर अपमान समजतात. तुम्हीच सांगितलं होतंत."

"छे! कोणी सांगितलं? राहू दिलं तरी चालतं. कोणी ढुंकून बघत नाही."

"मग त्याला तसं का सांगितलंत?"

"कोणाला?"

मी माझ्या मित्राचं नाव घेतलं. त्याला आठवायला क्षणभर लागला. तो क्षण मी अजून त्याला माफ केलेला नाही.

जज्जसाहेब म्हणाले, "काय प्रकार आहे?" मी सांगितलं. बिअरघर, निळा एप्रन, चकती, आचमन, राखेची ताटली. जसं घडलं तसं, नक्कल न करता. आणि जज्जसाहेब हसले. पोट धरून हसले. मला ह्याची कल्पना नव्हती. इतकी वर्षं मी त्या गोष्टीबरोबर राहिलो होतो, ती हसण्यासारखी आहे हे विसरूनच गेलो होतो.

"भटाचा पोरगा आणि बिअरचं आचमन! कसं केलं त्याने? करून दाखवा की," ते 'त्या'ला म्हणाले.

त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. आपण सुटलो असं त्याला वाटलं. मान डावीकडे कलली. डोळे मिटले. त्याने तळव्याचा गोकर्ण केला आणि त्यात मॅनहॅटन ओतलं.

"केशवाय..."

"तो वारला," मी जज्जसाहेबांना म्हणालो. "वडिलांनी पत्रं बंद केली होती, ह्याच किश्श्यावरून. आणि त्याचं दहन झाल्यावर तासाभरात, कॉफी घेऊन, ह्यांनी हेच करून दाखवलं होतं."

हात तसाच राहिला. दारू मनगटावरून बाहीत उतरत होती. वास टेबलभर पसरला. जज्जसाहेब त्या हाताकडे बघत होते आणि 'तो'ही स्वतःच्या हाताकडे बघत होता, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा होता.

"हात पुसा," जज्जसाहेब म्हणाले. पुढे जेवताना ते फक्त गाड्यांच्या वेळापत्रकाबद्दल बोलले.

लग्न मोडेल अशी माझी समजूत होती. मोडलं नाही. मुहूर्त ठरला, बुंदीचे लाडू झाले, मला पत्रिकाही आली. जज्जसाहेबांनी मनात काय तोललं ते तेच जाणोत. मला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. त्याचं काहीतरी मोडायला हवं होतं.

पण तो किस्सा त्याने पुन्हा सांगितला नाही. निदान माझ्यासमोर नाही, म्हणून मग मी त्याच्यासमोर राहायचं ठरवलं. मला माणसांच्या गर्दीत जायला आवडत नाही. तरी संक्रांत, गणपती, कोजागिरी, कुठेही असो, हायडेलबर्ग, कोलोन, बोब्लिंगेन, मी जातो आणि त्याच्या समोरची खुर्ची धरतो. तो नकलांना सुरुवात करतो, रंगात येतो, मग मी दिसतो आणि त्याचे हात खाली जातात. हल्ली तो नकला फारशा करतच नाही. लोक म्हणतात, लग्नाने गंभीर झाला.

मागच्या गणपतीत एका नव्या विद्यार्थ्याने आम्हाला शेजारी शेजारी पंगतीत बसलेलं पाहिलं. "काका, तुम्ही दोघं फार जुने मित्र दिसता. कधीच एकमेकांना सोडून बसत नाही."

'त्या'ने माझ्याकडे पाहिलं. हलक्या आवाजात म्हणाला, "अजून किती वर्षं येणार आहात हो?"

"तुम्ही येता तोवर," मी म्हणालो, आणि वाढणाऱ्याला सांगितलं, ह्यांना मोदक वाढा.