परसरामबाबांचा लग्नातला कोट

हँगर दोरीवर होतं. कोट नव्हता.

आधी मी शांतपणे शोधलं. दोरीखाली, पलंगाखाली, शर्टांच्या ट्रंकेत. मग तेच सगळं पुन्हा घाबरत शोधलं. तिसऱ्यांदा शोधताना मात्र मी कोट कुकरच्या डब्यातसुद्धा बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोटाचा सीन होता. पण मी घाबरले ती सीनमुळे नव्हे. सीन पुढे ढकलता येतो, डिरेक्टर ओरडून ओरडून थकतो. कोट परसरामबाबांचा होता, आणि परवा त्यांच्या नातीची हळद होती.

मी कॉस्च्युमवाली. यवतमाळला राहते. शाळांच्या गॅदरिंगला झाशीची राणी आणि भाजीपाला पुरवण्यापासून सुरुवात केली, आता बाहेरून शूटिंगवाले येतात त्यांचं काम घेते. त्या वेळी वणीत एका वेब सिरीजचं शूटिंग चालू होतं. गोष्ट कोळशाच्या खाणीतल्या एका सर्व्हेअरची, काळ पन्नास वर्षांपूर्वीचा. तेव्हा कपडेही तेव्हाचे हवेत.

बायकांच्या कपड्यांची मला कधीच काळजी नसते. कोणत्याही घरात पेटी उघडा, आईचा शालू निघतो, आजीचं लुगडं निघतं. पुरुषाचं काही निघत नाही. पुरुष कपडा विरेपर्यंत वापरतो, मग त्या पँटीने फरशी पुसली जाते, आणि जी पँट त्यातूनही वाचते ती भांडेवालीकडे जाते. भांडेवाली साडीला नाक मुरडते. पँट म्हटलं की पातेलं काढते. त्यामुळे विदर्भातल्या पुरुषांचा सगळा इतिहास आज स्टीलच्या डब्यांच्या रूपाने फडताळात उभा आहे.

त्यात आता पोरांना 'व्हिंटेज'चं वेड लागलंय. आजोबांचा रुंद कॉलरचा कोट घालून रील करायची. ऑनलाइन विकणारे एका जुन्या कोटाला नव्या थ्री-पीसचा भाव सांगतात, आणि विचार करून फोन करते म्हटलं की तेवढ्यात तो विकला गेलेला असतो. नागपूरचा जुना बाजार मी पालथा घातला. हाती लागली एक बेलबॉटम, तीही बायकी.

म्हणून मी एक कोट नवा शिवून घेतला. आमच्या भाषेत कॉपी. चहाच्या पाण्यात बुडवला, कोपरांवर सँडपेपर घासला. याला एजिंग म्हणतात, नवा कपडा वापरलेला दिसावा म्हणून केलेला खटाटोप. डिरेक्टरनी मॉनिटरवर पाहिलं आणि मान हलवली.

"मॅडम, कोट जुना दिसतोय. पण यात कधी माणूस राहिलाय असं वाटत नाही."

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

परसरामबाबांचा कोट मला पांढरकवड्याच्या पलीकडच्या एका तांड्यावर सापडला. गेले होते बायकांचं भरतकाम बघायला. बाबांच्या घरात भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो होता. शेजारी घागरा-ओढणीतली नवरी, आणि हा पठ्ठ्या टेरीवुलच्या चॉकलेटी कोटात, छातीएवढ्या कॉलरसकट. कोट आहे का अजून, असं मी उगीच विचारलं. बाबा आत गेले आणि कोट घेऊन आले.

"दरसाली दिवाळीले भांडेवाली येत जाये," ते म्हणाले. "मी म्हनत जाओ, देऊन टाक, मोठी परात येईन. म्हातारी आयकेच ना. म्हने, राहू द्या, कामी येईन."

म्हातारी दोन वर्षांपूर्वी गेली. कोटाच्या आत, डाव्या बाजूच्या अस्तरावर, तिने लग्नानंतर बोटभर लांबीरुंदीचं लाल कापड शिवलं होतं. त्यावर भरतकाम आणि मधोमध एक आरसा. नजर लागू नये म्हणून. कोणाला दिसू नये म्हणून आतून.

मी भाडं सांगितलं. बाबांनी हात हलवला.

"भाडं नको पोरी. नातीच्या लग्नात घालाचा हाय. वापस आन, म्हंजे झालं."

एवढीच अट होती.

तर हँगर रिकामं. वणीत एका घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्ही कपड्यांसाठी भाड्याने घेतल्या होत्या. मागे घरमालकीण पुष्पाकाकू राहायच्या. डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून कोट मी सकाळी व्हरांड्यात सावलीला टांगला होता. मी काकूंना हाक मारली. त्या नवी कोरी स्टीलची बादली घेऊन बाहेर आल्या. बादली बघताच मला सगळं कळलं. विचारायची गरजच उरली नाही, तरी विचारलं.

"काकू, इथला कोट?"

"थो मयका, कळकट? देल्ला ना भांडेवालीले. तुम्हीच म्हनलं होतं ना, खराब झालेले कपडे घेऊन जा म्हनून."

म्हटलं होतं खरं. एजिंग बिघडलेले शर्ट कोपऱ्यात पडले होते, त्यांच्याबद्दल.

"अहो काकू, तो खरा जुना होता!"

"मंग?" काकूंना काही कळेना. "जुना होता म्हनूनच तं देल्ला."

हे एकच वाक्य मी चार लोकांत सांगितलं असतं तर चारही जणांनी काकूंचीच बाजू घेतली असती.

भांडेवालीचं नाव शांता. काकूंना तिची वस्ती माहीत होती. मी युनिटची जीप काढायला लावली. ड्रायव्हर अन्वरभाई, वणीचेच. निघताना डिरेक्टरनी नाकारलेली कॉपीसुद्धा मी जीपमध्ये टाकली. का टाकली ते सांगता येत नाही. घाबरलेला माणूस घरातून निघताना काहीही उचलतो.

शांताच्या दारात दोन बायका जुन्या कपड्यांची बटणं कापत बसल्या होत्या. बटणं एका बाजूला, चेन दुसऱ्या बाजूला. सुती कपडा फाडून गॅरेजला जातो, खाणीच्या ट्रकांचं ऑइल पुसायला. कात्रीचा तो करकर आवाज ऐकून मी सरळ बटणांच्या ढिगात हात घातला. बाबांच्या कोटाला मोठी, चार भोकांची चॉकलेटी बटणं होती. ढिगात निळी होती, पांढरी होती. चॉकलेटी एक निघालं आणि मला रडूच आलं. पण त्याला दोनच भोकं होती.

"काय पाहून राह्यल्या, बाई?" शांताने विचारलं.

मी कोटाचं वर्णन केलं. ती हसली.

"कोट कोन घेते वं माय? तेल पुसत नाई, बजारात खपत नाई. म्या रस्त्यातच देवरावले देल्ला. त्याले वावरात बुजगावनं उभं कराचं होतं."

तिने वाट सांगितली. खाणीने काढून टाकलेल्या मातीचे मोठे डोंगर आहेत, त्यांच्या पायथ्याचं वावर. ऐकून अन्वरभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, सुबह जाते हैं. उस तरफ शेर है."

वणीत हे कोणाला सांगावं लागत नाही. त्या मातीच्या डोंगरांवर बाभळी माजल्या आहेत आणि बाभळींत वाघ राहतो. मी म्हटलं, सकाळी सीन आहे. पण खरी भीती दुसरीच होती. रात्रभर तो कोट उघड्यावर राहिला आणि रानडुकराने ओढला, दवाने भिजला, कोणी उचलून नेला, तर? वाघ दिसेल की नाही हे नक्की नव्हतं. परवा बाबा दिसणार हे नक्की होतं.

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर 'परसरामबाबा'. मी तो वाजताना बघत राहिले. उचलायची छाती झाली नाही. थांबला. पुन्हा वाजला. अन्वरभाईंनी काही न विचारता जीप सुरू केली.

देवराव वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर भेटला. बैल जुंपून घरी निघाला होता.

"आता? बाई, दिवस बुडाले आला. आता मी नाई जात अंदर. सकाळी या."

मी हात जोडले. नातीचं लग्न सांगितलं, म्हातारीचा आरसा सांगितला. त्याने कासरा गाडीला बांधला. मग गाडीतून पत्र्याचा डबा आणि काठी काढली.

"चाला. माह्या मांगं राहा. पयाचं नाई, काई झालं तरी."

तूर डोक्याच्या वर गेली होती. दोन्ही बाजूंनी अंगाला लागत होती. पुढे देवराव डबा बडवतोय, मागे जीपमधून अन्वरभाई हॉर्न वाजवताहेत, मध्ये मी. मला आठवत होते ते सगळे मंत्र मी म्हटले, काही अर्धेच. एका कोटासाठी आपण इथे मरणार आणि सिरीजवाले शेवटी माझं नाव बारीक अक्षरात देणार, असंही वाटून गेलं.

मग तूर संपली, हरभरा लागला, आणि समोर एक माणूस हात पसरून उभा दिसला. मी ओरडलेच. त्याच्या छातीवर काहीतरी लख्खकन चमकलं.

देवरावने कोट उलटा घातला होता. अस्तर बाहेर. मावळतीचं शेवटचं ऊन म्हातारीच्या आरशावर पडलं होतं.

"आरसा दिसला ना, म्हनून उलटा घातला," देवराव म्हणाला. "चमकलं का पाखरं भेतात."

मी कोट काढायला हात लावला आणि तुरीत काहीतरी मोठं हललं. काड्या मोडल्याचा आवाज. देवराव डबा बडवायचा थांबला. तो थांबला म्हणून मी जास्त घाबरले. कोट मी छातीशी असा धरला की वाघाने मला नेलं असतं तर कोटासकट न्यावं लागलं असतं. मग ते जनावर तुरीतून उडी मारून बाहेर आलं आणि धुऱ्याकडे पळालं.

"रोही," देवराव म्हणाला.

नीलगायीला आमच्याकडे रोही म्हणतात. तिला बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

जीपपाशी आल्यावर देवराव घोटाळला. "मंग आज राती माह्या हरभऱ्याचं काय? रोही तं पाह्यलं तुमी."

मी कॉपी काढून दिली. त्याने ती हातात घेतली, नाकाला लावली आणि मान हलवली. अगदी डिरेक्टरसारखी.

"याले मानसाचा वास नाई. जनावर भेत नाई याले."

शेवटी त्याने ती कॉपीच अंगात घातली, बटणं लावली, आणि कॉलर वर करून बैलगाडी हाकली. म्हणाला, रातभर घालून झोपतो, सकाळी टांगतो.

मी बाबांना फोन लावला. कोट घेऊन उद्या येते, एवढंच बोलले. आवाज थरथरत होता. थंडी फार आहे का वणीत, त्यांनी विचारलं.

सकाळी डिरेक्टर मॉनिटरसमोर बसले आणि पुढे झुकले. "क्या बात है मॅडम. एजिंग जबरदस्त केलंय. खांद्यावरची ही माती! हे कसं केलं?"

"मेहनत घेतली सर," मी म्हटलं.

पॅकअप होताच तांडा गाठला. वाटेत ठरवलं होतं, काही सांगायचं नाही. पण बाबांनी कोट हातात घेतला, खिशात हात घातला आणि तुरीचा वाळका पाला बाहेर काढला. माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. बादली, बटणं, बुजगावणं, सगळं. बाबांचा चेहरा हलेना. ते कोट परत देऊन टाकतील, नको म्हणतील, असं वाटलं.

त्यांनी कोट उलटा केला. आरशावरून अंगठा फिरवला. धुळीची रेघ पुसली.

"उलटा घातलता?"

"हो बाबा."

"अन रोही पयालं?"

"पळालं."

"म्हातारी म्हनतच होती," बाबा म्हणाले, "कामी येईन म्हनून."

आणि त्यांनी डोळ्यांवर उपरणं धरलं. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

लग्नाचा फोटो नातीने मला पाठवला. सगळे ताठ उभे आहेत. बाबांनी मात्र कोटाची डावी बाजू हाताने उघडून धरली आहे, आणि तिथे फ्लॅशचा एक पांढरा ठिपका आला आहे. पन्नास वर्षं आत लपवलेला आरसा त्यांनी त्या दिवशी सगळ्या मांडवाला दाखवला.

धडा सांगायचा तर साधा आहे. जुना कपडा कुलपात ठेवावा. नवा व्हरांड्यात टांगावा, त्याला कोणी हात लावत नाही.

परवा दुसऱ्या एका शूटिंगचं काम आलं. पुन्हा तोच काळ, पुन्हा कोट हवा. मला एकदम आठवलं. त्या कॉपीने आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा वावरात काढला असेल. मी देवरावला फोन केला आणि कोट परत मागितला.

"भेटन ना," तो म्हणाला. "पन बाई, आता थो जुना झाला. भाव वाढला हाय."