पुंजादादाची वरची वाट

तांबट आळीच्या तोंडाशी माझं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता आळीतली सगळी भांडणं फुकटात ऐकायला मिळायची. फक्त पुंजाराम तांबटाच्या घरातलं भांडण कधी पुरतं ऐकू आलं नाही. ते रंगात यायच्या आत पुंजादादा तांब्याचा हंडा पुढ्यात ओढायचा आणि हातोडीनं मठारायला लागायचा. ठण् ठण् ठण्. वत्सलावहिनींचं वाक्य अर्ध्यावर राहायचं आणि त्या पदराला हात पुसत आत निघून जायच्या. अडचणीच्या एकाही प्रश्नाला या माणसानं कधी तोंडानं उत्तर दिलं असेल असं मला वाटत नाही. मला त्याचा राग यायचा. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी अजून येतो.

कारागीर मात्र अव्वल. त्यानं घडवलेल्या घागरीवर ठोके असे एकसारखे पडलेले असायचे की बोट फिरवत राहावंसं वाटे. नेमकी हीच कला त्याच्या डोक्यात गेली होती. चौऱ्याहत्तर सालचं सांगतो. बाजारात स्टीलचा सुळसुळाट झाला होता आणि बायका बोहारणीला तांब्याचे हंडे देऊन स्टीलचे डबे घेत होत्या. त्याचा एकुलता एक मुलगा केरू चांगला विशीतला, डोक्यानं चलाख. त्याला मेनरोडवरच्या एका स्टीलच्या दुकानात काम मिळत होतं. त्यानं बापाला दाखवायला म्हणून एक पेला घरी आणला. पुंजादादानं तो गटारात भिरकावला आणि अख्ख्या आळीसमोर म्हणाला, "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

केरू चढला नाही. बापाचाच मुलगा तो, त्यानं शब्द अक्षरशः घेतला. अंगावरच्या कपड्यानिशी गेला आणि पुढची दोन वर्षं त्याचा ठावठिकाणा नव्हता.

पुंजादादा शोधायला गेला नाही. तो नवस बोलला. आमच्या आळीत गोकर्णाच्या कावडीचा नवस मोठा मानत. गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं पाणी दोन कळशांत भरायचं, तोंडं लाखेनं बंद करायची, कावड खांद्यावर घ्यायची आणि थेट गोकर्णापर्यंत चालत जाऊन पाणी महादेवावर ओतायचं. अट एकच. रामकुंडावरून निघालेला पाय पाणी ओतेपर्यंत जमिनीवरून सुटता कामा नये. गाडी नाही, बैल नाही, घोडं नाही. मी कावड नेतो, तू केरूला परत आण, असं पुंजादादा देवाला म्हणाला. मुलाला हाक मारण्यापेक्षा देवाला कामाला लावणं त्याला सोपं वाटलं असावं.

कळशा घडवून होत आल्या होत्या, तेवढ्यात सहादू आला. हा सहादू आळीतली भांडी घेऊन चिपळूण, गुहागरकडे फिरायचा. माझ्या दुकानात बसून चहा पिता पिता म्हणाला, "गेणू, केरूला पाह्यला रे. दाभोळच्या खाडीवर तरीच्या होडीत वल्हं मारतोय. लय काळा पडलाय."

वत्सलावहिनी दुसऱ्याच दिवशी सहादूबरोबर एस.टी.त बसल्या. गुडघे धरलेले, कधी नाशिकची वेस ओलांडलेली नाही, तरी गेल्या. परत आल्या त्या एकट्याच. केरूनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं, लहान पोरासारखा रडला, पण एकच सांगितलं, "आप्पांनी आळीसमोर घालवलं. आप्पा स्वतः आले तर येतो."

यानंतरच्या महिन्यात वहिनींनी जे डोकं लढवलं त्याला मी आजही मानतो. गोकर्णाला जायच्या वाटा दोन. वरची वाट सिन्नर, संगमनेर, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव अशी घाटमाथ्यानं जाते आणि शिरसीवरून घाट उतरून गोकर्ण गाठते. खालची वाट कसाऱ्याचा घाट उतरून कोकणात शिरते आणि समुद्राच्या कडेकडेनं जाते. खालच्या वाटेवर दाभोळची खाडी होती. वहिनींनी नवऱ्याला म्हटलं, "एवीतेवी गोकर्णाला जायचंच आहे, तर खालून जा. न्यायला आलो असं म्हणू नका. वाटेत भेटला म्हणा."

बापाची मान खाली जाणार नव्हती, मुलाचा शब्द मोडणार नव्हता आणि नवसही होणार होता. मी दुकानातून ऐकत होतो. हातातलं चाक खाली ठेवलं आणि मनात म्हटलं, जमलं बुवा.

पण खालच्या वाटेवर खाड्या होत्या आणि खाडी होडीतूनच ओलांडावी लागायची. पुंजादादा सल्ल्याला कारभारीबुवांकडे गेला. बुवांनी तरुणपणी अनेकदा कावड नेली होती. ते म्हणाले, "नदीवर पूल असतो, पुलाला खाली पाया असतो. होडीला कसला पाया? फळीवर पाय ठेवला की सुटलाच म्हणायचा. खालून जाणारे जातात, होडीत उभे राहतात आणि चाललं असं म्हणतात. देवानं मान्य करायचं की नाही ते देव बघेल."

पुंजादादाला हेच ऐकायचं होतं. तो नियमाला घाबरत होता असं मला वाटत नाही, मुलाच्या डोळ्यांना घाबरत होता. पाय सुटला तर नवस फुकट आणि नवस फुकट गेला तर केरू येणार कसा, असा हिशेब तो सगळ्यांना सांगत सुटला. म्हणजे ज्या खाडीवर मुलगा उभा, ती टाळायची, का तर मुलगा परत यावा म्हणून. मी एकदा तोंडावर बोललो, "दादा, देव काय वेगळं करणार आहे? त्यानं पत्तासुद्धा दिला." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हातोडी उचलली.

त्या दिवसांत वहिनी एकदा दुकानात आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, गंगेवरची माती आणून द्याल का? पोतंभर." मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या तुळशीला. मी सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून पुंजादादाच्या डोळ्यांदेखत आणून दिलं. पुढे ते सहादूच्या भांड्यांबरोबर एस.टी.च्या टपावर चढलेलं दिसलं तेव्हा मला नवल वाटलं, पण गिऱ्हाईक उभं होतं आणि मी विसरूनही गेलो.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी शेवटचं बोलायला बसल्या. मी समोरच होतो. त्या म्हणाल्या, "अहो, होडीचं मनात आणू नका. केरूनं सोय केलीय. मी त्याला तुमच्या नवसाचं सांगितलं, तर तो म्हणाला, आप्पांचा पाय सुटू देत नाही. त्यानं काय केलंय माहितीय का—"

ठण् ठण् ठण्. कळशा तयार होऊन कोपऱ्यात ठेवलेल्या होत्या, मठारायला काही नव्हतं. त्यानं मोकळ्या ऐरणीवर ठोके मारले. वहिनी उठून गेल्या.

पुंजादादा वरून गेला. नवस यथासांग पार पाडला, गोकर्णाला पाणी ओतलं, पाय फुटून घरी आला. आळीनं आरती केली. केरू काही आला नाही. पुढच्या खेपेला सहादूनं सांगितलं की तो तरीवर नाही, काम सोडून कुठं तरी गेलाय, कुठं ते तिथं कोणी सांगत नाही. ती सहादूची तिकडची शेवटची खेप, तांबं खपेनासं झालं होतं. वहिनी त्यानंतर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. भांडल्या नाहीत, माहेरीही गेल्या नाहीत. ताट वाढून समोर ठेवायच्या, बस. एक्क्याऐंशी साली त्या गेल्या तेव्हाही त्याच्याशी न बोलताच गेल्या. मी स्मशानातून आलो आणि दुकान उघडलं, तर आळीत हातोडी चालू होती. त्या दिवशी मला तो माणूस नकोसा झाला.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर तोच माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. खूप वाळला होता. म्हणाला, "गेणू, कावड न्यायची आहे. खालून. एकट्यानं जमायचं नाही. येतोस?"

मी देवाधर्मातला नाही. पण वहिनींसाठी म्हणून हो म्हटलं. मोठा मुलगा दुकान बघण्याजोगा झाला होता. आम्ही कसारा उतरलो, कल्याण, पनवेल, महाड करत दापोलीकडे वळलो. महाडच्या पुढे तो म्हणाला, "होडीत पाय सुटला तर सुटू दे आता. कशासाठी धरून ठेवायचा?" मला पहिल्यांदा त्याची दया आली.

दाभोळला खाडीच्या काठी एक म्हातारा तरीवाला होता. कावड बघून त्यानं विचारलं, "नाशिकचं काय तुमी?" मग पुंजादादाकडे निरखून बघत राहिला. "केरूचं वडील व्हय?"

पुंजादादानं मान डोलावली.

"लय उशीर केलात वो," म्हातारा म्हणाला. "त्या साली त्यानं हिवाळाभर वाट बघितली. कावड दिसली की पळत जायचा, नाव विचारायचा. मग एकजण बोलला, पुंजाराम तांबट आमाला साताऱ्याला दिसला, वरनं गेला. त्या दिवशी जेवला नाय. दुसऱ्या दिवशी, कुनाला सांगू नका म्हनून, मच्छीच्या लाँचवर गेला. पावसाच्या तोंडावर ती लाँच बुडाली. एकबी परत आला नाय. कळवणार कुनाला? तो भांडीवालाबी परत आला नाय, आन् पत्ता केरूनं कदी सांगितला नाय."

मी पुंजादादाचा हात धरला. म्हाताऱ्यानं आम्हाला होडीजवळ नेलं आणि पुढच्या तोंडाकडे बोट दाखवलं. तिथं फळ्यांना ठोकून बसवलेली एक बसकी, रुंद लाकडी पेटी होती. पेटीत माती होती, चापून चोपून सपाट केलेली.

"ही त्यानं बनवली. नाशकाची माती हाय म्हनायचा, आयनं धाडलेली. दुसऱ्या कुनाला तिच्यावर पाय ठेवू द्यायचा नाय. म्हनायचा, आमचं म्हातारं हट्टी हाय, नुसत्या फळीवर पाय ठेवनार नाय. हितं उबं राह्यलं की आपल्या गंगेवरच उबं राह्यलं समजा. मी काढून टाकली नाय. ठेवा पाय."

पुंजादादानं पाय ठेवला नाही. खांद्यावरची कावड उतरवून काठावरच्या चिखलात ठेवली आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात होडीला धरून उभा राहिला. एक हात त्या मातीवर ठेवला. मी बोलावलं, तरीवाल्यानंही बोलावलं, पण तो हलला नाही. दोन्ही कळशा चिखलात कलंडल्या होत्या. सरळ करायला मी गेलो नाही.

मग त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "ही माती तू आणली होतीस?"

"हो. वहिनींनी मागवली होती."

"मग मला का नाही सांगितलं तिनं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. म्हातारा माणूस, पाण्यात उभा, आता खरं सांगून काय मिळणार होतं. पण त्या दिवशी अर्ध्या वाक्यावर उठून गेलेल्या वहिनी माझ्या डोळ्यांपुढं आल्या.

"सांगत होत्या, दादा," मी म्हटलं. "तुमची हातोडी चालू होती."