चंद्रभागाबाईंचे दोन जबाब

फोन ठेवला आणि चंद्रभागाबाईंनी आधी गॅस बंद केला. कुकरची एकच शिट्टी झाली होती, डाळ कच्चीच होती, पण पुढच्या शिट्टीची त्यांना धास्ती वाटली. फोनवरचा माणूस ओरडला नव्हता की रागावला नव्हता. "पडताळणी समितीच्या दक्षता पथकातून बोलतोय. आपल्या मुलीच्या जमात प्रमाणपत्राची गृहचौकशी आहे. गुरुवारी अकराला येतो, घरी राहा," एवढंच म्हणाला.

मुलगी म्हणजे अपेक्षा. एकुलती एक. आदिवासी मुलांसाठी असलेल्या सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत पीएच.डी. करायला गेली, त्याला दीड वर्ष झालं. जमातीचं वैधता प्रमाणपत्र या महिनाअखेर जमा झालं नाही, तर शिष्यवृत्ती थांबणार होती. शिष्यवृत्ती थांबली की कॉलेज थांबणार आणि कॉलेज थांबलं की व्हिसा. अर्ध्यावरून परत यायचं. शंभूराव, म्हणजे चंद्रभागाबाईंचे यजमान, त्याच खटपटीत दोन दिवसांपूर्वी गावी गेले होते. त्यांच्या आजोबांचं नाव शाळेच्या जुन्या रजिस्टरात आहे म्हणतात, त्या पानाचा दाखला काढायला. गाव पार तिकडे, गडचिरोलीच्या अलीकडे. फोन लागला तर लागला.

म्हणजे गुरुवारी साहेबांसमोर एकट्यानं बसायचं.

चंद्रभागाबाई पुण्यात आल्या त्याला एकतीस वर्षं झाली. शंभूरावांना पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि कर्वेनगरात भाड्याची खोली मिळाली. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुमच्यात ते सगळं चालत नाही ना?" ते सगळं म्हणजे काय, हे न विचारताच बाईंनी मान हलवली, "नाही हो." आणि सामान उतरवताना एक गाठोडं पदराआड घेऊन त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. त्यात देव होता. लोखंडाचा बोटभर भाला, मोरपिसांची जुडी आणि मूठभर जुनं भात, सगळं कोऱ्या कापडात बांधलेलं. सासऱ्यांनी निघताना हातात दिलेला. त्यानं तांदळाच्या डब्यामागची जागा धरली ती आजतागायत.

पुढे स्वतःचा फ्लॅट झाला, पण देवाची जागा तीच राहिली. बाहेरच्या खोलीत देव्हारा आला. बाई मार्गशीर्षातले गुरुवार करू लागल्या, अथर्वशीर्ष पाठ झालं, भजनी मंडळात टाळ त्यांच्याच हातात आले. यातलं काही नाटक नव्हतं हो. गणपतीसमोर बसल्या की त्यांचे डोळे खरेच भरून येत. पण भाद्रपदात नवं भात आलं की त्याच बाई स्वयंपाकघराचं दार लावून, खिडकीही ओढून घेत. गाठोडं सोडत, सागाच्या पानावर नव्या तांदळाचा घास ठेवत आणि पूर्वजांच्या नावानं मोहाच्या दारूचे चार थेंब शिंपडत. ती दारू गावाहून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत यायची. दोन्ही देव खरे होते, फक्त एकाला दिवसाउजेडी हाक मारता येत नव्हती.

अपेक्षाचा फोन रोज सकाळी सातला यायचा, तिच्याकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असे. तिचा विषय बाईंना आता पाठ झाला होता. तिकडे समुद्राकाठच्या दलदलीत हूमा नावाचे तिथले मूळचे लोक राहतात आणि दूर एका थंड शहरात सुदानमधून युद्धाला कंटाळून आलेले लोक राहतात. दोघांची आर्थिक स्थिती ताडून पाहायची. घर, नोकरी, शाळा, आजारपण, असे तिचे रकाने होते.

"मग जास्त गरीब कोण?" बाईंनी एकदा विचारलं होतं.

"आई, तेच तर कळत नाहीये. डेटा एकमेकांवर बसतच नाही. हूमांतली मारी नावाची बाई आहे, तिच्याकडे स्वतःचं घर आहे, बोट आहे, नवरा कोळंबी पकडतो. पण चार वर्षांपूर्वीच्या वादळात उडालेल्या छपरावर अजून निळी ताडपत्री आहे. दुसरी हवा नावाची, सुदानची, तिचा नवरा इंजिनिअर, आता मांसाच्या कारखान्यात थंडीत उभा राहून हाडं कापतो. पण तिला आल्याबरोबर सरकारचं कार्ड मिळालं, पहिले काही महिने मदत मिळाली."

"रकाने ठेव बाजूला. घरात किती दिवसांचं धान्य असतं ते विचार. बाईला बरोबर माहीत असतं."

अपेक्षा हसली होती, पण तिनं विचारलं. मारीचा मोठा फ्रीजर कोळंबीनं गच्च भरलेला. मात्र वादळात वीज गेली की सगळं सडतं, म्हणून ती म्हणाली, चार दिवसांचं. हवाच्या पलंगाखाली पिठाची पोती, तीन महिन्यांची. दुकान कोपऱ्यावर असूनही. "भीती वाटली की मी पीठ आणते," असं म्हणाली म्हणे.

बुधवारच्या सकाळी अपेक्षा मारीबद्दलच बोलत होती. "आई, गंमत बघ. हे लोक तिथलेच. राज्य सरकार मानतं, पण त्यांची जी दिल्ली आहे ती मानत नाही. मग वादळानंतरची निम्मी मदत येतच नाही. जुने पुरावे आणा म्हणतात. मारीची आजी शाळेत गेली तर इंडियन, म्हणजे तिथली आदिवासी, म्हणून हाकलून दिलं. तेव्हापासून आजीनं पोरांना बजावलं, बाहेर कुणाला काही सांगायचं नाही. घरातलं घरात. आणि आता म्हणतात, तुमचं वेगळं असं काही दिसत नाही!"

"अगंबाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यांचं अर्धं लक्ष उद्याच्या साहेबांकडे होतं. चौकशीचं त्यांनी लेकीला सांगितलं नाही. परमुलखात एकटी पोर, तिच्या जिवाला घोर कशाला? सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्या दिवशी बाईंनी घर घासून काढलं. देव्हाऱ्याला ब्रासो, दाराला तोरण, ओट्यावर पांढरा कपडा. सरकारी माणूस येणार, आपलं घर स्वच्छ, सोज्वळ दिसलं पाहिजे. एकतीस वर्षं त्यांना याच दिसण्यानं तारलं होतं. संध्याकाळी मात्र तांदळाच्या डब्यामागे नजर गेली. साहेबांनी स्वयंपाकघर पाहिलं तर? बरोबर सोसायटीतलं कुणी आलं तर? त्यांनी गाठोडं पिशवीत घातलं, औषधाची बाटलीही घातली आणि समोरच्या दुर्गाताईंची बेल वाजवली.

दुर्गाताई म्हणजे भजनी मंडळाच्या प्रमुख, निवृत्त शिक्षिका. जीभ अशी की दूधवालाही त्यांच्या दारात पाणी घालायला भ्यावा.

"एक दिवस कपाटात ठेवाल का हो?"

"काय आहे? सोनं असेल तर मी पावती देत नाही."

"नाही हो, जुनी वस्तू आहे."

"जुनी वस्तू आमच्याकडे एक आहेच. आरामखुर्चीत बसून पेपर वाचतेय. ठेवा."

गुरुवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना साहेब आले. पन्नाशीचे, जिने चढून दमलेले, बगलेत फाइल. चपला बाहेर काढल्या, पाणी प्यायले. बाईंनी उपासाची खिचडी पुढे केली. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली, देव्हारा, तोरण, भिंतीवरचं भजनी मंडळाचं प्रशस्तिपत्र. "छान ठेवलंय घर. मला वाटलं पत्ता चुकलो," म्हणाले. बाईंना ती शाबासकी वाटली.

"कुलदैवत कोणतं?"

"तुळजाभवानी," बाई म्हणाल्या. पुण्यात विचारलं की त्या हेच सांगत.

"लग्नं कशी लावता?"

"भटजी बोलावतो. सप्तपदी, सगळं रीतसर."

"माणूस गेल्यावर?"

"वैकुंठ स्मशानात नेतो. दहावं, तेरावं."

"घरात बोली कोणती?"

"शुद्धच बोलतो आम्ही," बाई जरा अभिमानानं म्हणाल्या. ळ आणि ण जिभेवर बसवायला त्यांना पाच वर्षं लागली होती.

साहेब लिहीत होते. पेन न थांबता चाललं होतं, आणि सगळं सुरळीत चाललंय असं बाईंना वाटत होतं. मग त्यांनी कागद फिरवला. "सही करा." बाईंनी केली. साहेबांनी नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. शेवटची ओळ अशी होती: जमातीच्या विशिष्ट चालीरीती, दैवत वा बोली आढळून आली नाही.

"म्हणजे काय हो साहेब?"

"म्हणजे तुम्ही सांगितलंत तेच." साहेब उठले. "काही असतं तर तुम्ही सांगितलं असतंत."

तुमचं वेगळं असं काही दिसत नाही. कालचे लेकीचे शब्द बाईंच्या कानात घुमले. ही सोज्वळ खोली, हा चकचकीत देव्हारा, ही खिचडी, आपणच मांडून ठेवलेलं हे सगळं आता त्या फाइलीत बसून पोरीला परत आणायला निघालं होतं. साहेब दाराशी जाऊन एक चप्पल घालत होते.

"थांबा साहेब! दोन मिनिटं थांबा!"

त्या तशाच अनवाणी समोर धावल्या. बेलवरून बोट काढेचनात.

"आग लागलीय का?" दुर्गाताईंनी दार उघडलं.

"माझी वस्तू. कालची."

दुर्गाताई कपाटाकडे गेल्याच नाहीत. त्या आपल्या देव्हाऱ्याकडे गेल्या. तिथे खालच्या पायरीवर गाठोडं होतं, शेजारी बाटली आणि समोर विझलेली उदबत्ती. "उघडून पाहिलं नाही हो मी. पण तुम्ही दोन्ही हातांनी दिलंत ना, तेव्हाच कळलं की देव आहे. देवाला कपाटात कोंडायला मला धीर होईना. चुकलं का?"

गाठोडं आणि बाटली छातीशी धरून बाई परत धावल्या, आणि दुर्गाताई कुतूहलानं मागोमाग. दारातच फरशीवर बसून बाईंनी गाठ सोडली. भाला, मोरपिसं, काळं पडलेलं भात. शेजारी औषधाची बाटली.

"हा आमचा देव जी साहेब," त्या म्हणाल्या आणि एकतीस वर्षांचा ण गळून पडला. "भाद्रपदात नवं खातो. सागाच्या पानावर देतो, मोहाचं पानी शिंपतो. माझ्या सासऱ्यानं देला. दरसाल करतो जी, एक साल चुकलं नाही."

साहेबांनी चप्पल पायातच ठेवली. "मग मघाशी का नाही सांगितलं?"

"भ्याले जी."

"कुणाला? मला?"

बाईंनी साहेबांकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर दुर्गाताईंच्या पायांशी गेली.

"अच्छा," दुर्गाताई म्हणाल्या. "मला होय. मंडळात पंधरा वर्षं शेजारी बसून टाळ वाजवलात, आणि मला."

साहेब पुन्हा आत येऊन बसले. पण त्यांचा चेहरा मऊ झाला नव्हता. "बाई, पहिल्या जबाबावर सही झालीय. तो फाडता येत नाही. दुसरा घेतो. पण मी काय पाहिलं ते लिहावं लागेल. ही वस्तू या घरात नव्हती, तुम्ही ती शेजारून आणलीत. समितीत पहिला प्रश्न येईल की कुणाकडून मागून आणली."

खरा देव होता. लपवला म्हणून उसना ठरत होता.

"माझं नाव लिहा," दुर्गाताई म्हणाल्या. "काल संध्याकाळी सहाला यांनी हे माझ्याकडे ठेवायला दिलं."

"तुम्ही यांच्या जमातीच्या?"

"बघून वाटतेय का? नाही. म्हणून तर लिहा."

"त्यात हेच होतं, हे तुम्ही पाहिलंत?"

चंद्रभागाबाई मनातल्या मनात विनवत होत्या. हो म्हणा, एवढंच हो म्हणा.

"नाही," दुर्गाताई म्हणाल्या. "गाठ होती. जे पाहिलं नाही ते सांगणार नाही. गाठोडं मात्र हेच."

साहेबांनी तेवढंच लिहिलं. दोन सह्या घेतल्या, देवाचा आणि बाटलीचा फोटो काढला. जाताना म्हणाले, "दोन्ही जबाब फाइलीत जातील. कोणता धरायचा ते समिती बघेल." चांगलं नाही, वाईट नाही. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली जाईपर्यंत बाई दारातच बसून होत्या.

"उठा आता," दुर्गाताई म्हणाल्या. "समितीनं बोलावलं तर मी येणार आहे, तुम्ही नको म्हणालात तरी. आणि ती बाटली झाका. आमच्या जुन्या वस्तूला खोकला आहे, वास लागला तर मागायला येईल."

बाई हसल्या नाहीत. देव्हाऱ्यात गणपतीच्या शेजारी त्यांनी गाठोडं ठेवलं, दिवा लावला आणि हात जोडले. रोज काहीतरी मागणं असायचं, आज मागायला शब्द सापडेना. मग पदर खोचून त्या खाली किराणा दुकानात गेल्या.

शुक्रवारी सकाळी शंभूराव गावाहून आले. रजिस्टराचं पान मिळालं होतं, पण आजोबांच्या नावापुढचा जातीचा रकाना वाळवीनं खाल्लेला. ते सांगत सांगतच ते स्वयंपाकघरात शिरले आणि थबकले. ओट्याखाली तांदळाची तीन पोती ओळीनं उभी होती.

"एवढे तांदूळ? आपण दोघंच तर आहोत."

सात वाजत आले होते. बाईंनी फोन हातात घेतला, आज लेकीला सगळं सांगायचं होतं.

"तिघं," त्या म्हणाल्या. "आली परत, तर."