टूर की आपलं आपण? आईने विचारलेला प्रश्न

मंडळी, आज युरोपवरून आमच्याकडे चांगलंच वाजलं.

आई आणि मी पहिल्यांदाच परदेशी जाणार आहोत. पप्पांचा हट्ट टूरचा. दुपारी ते आम्हाला गंगापूर रोडच्या एका टूरवाल्यांकडे घेऊन गेले.

"काकू, रोज वरणभात, सगळी आपलीच माणसं," तिथली ताई म्हणाली.

मी तिथेच सांगितलं, "आम्ही आमचं आमचं जाणार. रेल्वे, हॉटेल, सगळं मी शोधलंय."

"घरात पहिली ग्रॅज्युएट झालीस म्हणून जगाची गाइड झालीस का?" पप्पा भडकले. मीही आवाज चढवला.

तेवढ्यात आई हळूच म्हणाली, "बाळा, तिकडे तूच तापाने पडलीस, तर मी कोणाला काय सांगू?"

मी स्वतंत्र प्रवास ठरवत होते, पण त्यात स्वतंत्र फक्त मी होते.

बुकिंग न करताच परत आलो. पप्पा अजून बोलत नाहीत. मला आईला गाइडच्या झेंड्यामागे फिरवायचं नाही, आणि माझ्या मागेही नाही.

इंग्रजी न येणाऱ्या आईला घेऊन तुमच्यापैकी कोणी असं गेलंय का? अडचणीत तिला एकटीला निभावता यावं म्हणून काय शिकवलं होतंत?