काट्यावरचे पंचेचाळीस किलो

ज्याचं वजन भरत नाही ते नसतंच, हा माझा आयुष्यभराचा नियम. पोती उचलण्यापासून सुरुवात करून मी ट्रक तोलायचा स्वतःचा धर्मकाटा उभा केला. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसत आलो. म्हणून पुढचं लिहिताना माझी मलाच किळस येते आहे... पण लिहितो.

काटा पांढुर्ण्यात, हायवेच्या फाट्याजवळ. घर आणि मोठा कॉम्प्युटर सौंसरला. काट्यावर ट्रक चढला की त्याचं वजन आपोआप सौंसरच्या रजिस्टरमध्ये जातं.

बारा वर्षं सुधाकर माझा ऑपरेटर होता. तिगावचा. काम मी शिकवलं. खर्रा खायचा आणि काट्याच्या फटीत थुंकायचा. कीबोर्डच्या बटणांत सुपारीचा चुरा, माऊसवर तंबाखूचा चिकट थर... त्या वासाने मला आजही मळमळतं. एकच सवय चांगली. पहिली गाडी यायच्या आधी, बरोबर आठ चाळीसला, स्वतः काट्यावर उभा राहायचा. सत्तर किलो. "मालक, काटा खरा हाये!" असं ओरडायचा आणि रजिस्टरची पहिली नोंद स्वतःच्या वजनाची टाकायचा.

सौंसरच्या मशीनचा पासवर्ड मात्र त्याने काट्याच्या खोलीतल्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवला होता. येणारा-जाणारा ड्रायव्हर वाचेल असा.

"मालक, ध्यानात नाई राहत न!"

मी भडकलो. लोधीखेड्याची प्रणाली नावाची पोरगी कॉम्प्युटरचं काम करते, तिला बोलावलं. तासभर घासाघीस करून तिचे पैसे अर्ध्यावर आणले. तिने पासवर्डच काढून टाकला.

"काका, ही जोडी आहे. किल्ली सुधाकरभाऊच्या कॉम्प्युटरात राहते, ती कोनालेच द्यायची नाई. कुलूप तुमच्या सौंसरच्या मशीनवर. कुलूप म्हंजे फक्त एक ओळ, शेवटी त्याचं नाव. किल्ली जुळली का मशीन काई विचारत नाई, आत घेते. आन् मानूस सोडून गेला का ती ओळ काढायची बरं, विसरू नका!"

विसरलो.

कारण सुधाकर काम सोडून गेला तोच माझं डोकं फिरवून. समोरच्या काट्यावर कामाला लागला, आणि महिन्याभरात माझ्या कानावर आलं – तो म्हणतो, मालकाचा काटा खोटा आहे. ज्याला पोसलं त्यानेच! मी रस्ता ओलांडून गेलो आणि दहा शेतकऱ्यांदेखत त्याला नको नको ते बोललो. तो फक्त म्हणाला, "मालक, म्या असं बोललो नाई." पुढे त्याला तोंडाचा आजार झाला. वारला. मी मातीला गेलो नाही.

यंदा संत्र्याच्या सीझनआधी काट्याची सरकारी तपासणी होती. तिचा शिक्का नसेल तर काटा बंद, म्हणजे अख्खा सीझन बुडाला. तपासणीच्या दहाच दिवस आधी रजिस्टरमध्ये नोंद दिसली. आठ चाळीस. पंचेचाळीस किलो. नाव – सुधाकर.

त्या वेळी काट्याची खोली बंद होती. चावी माझ्या खिशात. मेन स्विच मी स्वतः पाडलेला.

दुसऱ्या दिवशी तेच. नऊला खोली उघडून वीज चालू केली, तर काटा रिकामा आणि डिस्प्लेवर पंचेचाळीस. झिरोचं बटण दाबलं. शून्य झालं. दहा मिनिटांनी – उणे पंचेचाळीस. जसं कोणी उतरून गेलं.

खड्डा उघडायला लावला. काट्याखाली बारा वर्षांचा चिखल, खर्ऱ्याच्या पन्न्या, कुजलेली घूस. मी तिथेच ओकलो. सगळं धुऊन काढलं. सकाळी पुन्हा पंचेचाळीस.

प्रणालीला बोलावलं. या वेळी भाव केला नाही. सुधाकरचा जुना कॉम्प्युटर माझ्या सौंसरच्या अडगळीत होता. उघडला तर आत झुरळांचं घर, अंडी, काळी विष्ठा. हार्ड डिस्क मेलेली, म्हणजे किल्लीही गेलेली. किल्लीची नक्कल कोणाकडे असलीच तर, म्हणून तिने त्याची ओळ माझ्यासमोर पुसली. सकाळी आठ चाळीसला नोंद आलीच. तिने मशीनचा लॉग तीनदा वाचला.

"काका, त्याच किल्लीनं आत आलं. असं होतच नाई. कुलूपच काढून टाकलं, तं किल्ली लावली कुठं?"

माझी खात्री होती, त्याच्या घरच्यांचीच लबाडी. तडक तिगावला गेलो. सुधाकरची बायको तूर निवडत होती.

"वैनी, तुमच्या घरातून कोन माह्या मशीनीत घुसून राहिला?"

"घरात मी एकटी हावो, मालक. मले मोबाइल धड लावता येत नाई." तिने सूप खाली ठेवलं. "काय झालं?"

"रोज त्याच्या नावानं पंचेचाळीस किलोची नोंद येते."

"आखरीले दवाखान्यात त्यायचं वजन तेवढंच भरलं. तुमाले कोनं सांगतलं?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं.

"रोज म्हनत, मले एक डाव मालकाच्या काट्यावर उभं करा. सगळ्यांसमोर सांगतो, काटा खरा हाये. आमी तुमाले फोन केला व्हता. तुमी उचलला नाई."

फोन आला होता. नाव पाहून मी मोबाइल उलटा ठेवला होता.

तपासणीच्या सकाळी साडेआठलाच काट्यावर पोचलो. वीज चालू केली. शून्य. आठ चाळीसला आकडा उठला – पंचेचाळीस. मी काट्यावर चढलो. माझं वजन ऐंशी. खिडकीतून डिस्प्ले दिसत होता – एकशे पंचवीस. आणि खर्ऱ्याचा तो वास... अगदी खांद्याशी.

"सुधाकर," मी म्हणालो, "आयकलं म्या. काटा खरा हाये. आता उतर."

ऐंशी.

तपासणी झाली, शिक्का मिळाला. रिकाम्या काट्यावर त्यानंतर कधी आकडा उठला नाही. पण रजिस्टरमधली आठ चाळीसची नोंद अजून रोज येते. कुठून, कशी, मला माहीत नाही. प्रणालीलाही नाही.

मागच्या आठवड्यात मी तिला ती पुसलेली ओळ परत टाकायला लावली.

"काका, मेलेल्या मानसासाठी कोनी कुलूप बसवते का?"

"बसव," म्हटलं. "कुलूप नसताना येतो, त्याची मले शिसारी येते. बारा वर्षं माह्याकडं होता थो. चोरावानी कायले यावं त्यानं?"