पिंजरा, सुबाभूळ आणि वैमानिक

शत्रूच्या तावडीतून निसटणाऱ्या वैमानिकाचं काम मी घेतलं आणि मला निसटता आलं नाही. चूक माझीच. पिंजरा सासऱ्यांकडून बांधून घेतला, पण तो उघडतो कसा, हे विचारलं नाही.

बोरीजवळच्या एका खेड्यात मी मास्तर आहे. यंदा स्नेहसंमेलनात मास्तरांचं नाटक ठरलं. लिहिलं मीच, त्यामुळं नायकही मीच. विमान पडतं, वैमानिक पकडला जातो, शत्रू त्याला जंगलातल्या छावणीत बांबूच्या पिंजऱ्यात कोंडतो. पहारेकरी झोपले की गडी दार फोडून जंगलात पसार! लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता.

सासरे पाथरीकडचे. शेळ्या पाळतात आणि शेळ्या कोंडायचे पिंजरे असे बांधतात की लांबून लोक न्यायला येतात. सोयरिकीच्या वेळी त्यांनी मला बैलाचं दावं बांधायला लावलं होतं. मी गाठ मारून वळलो, तर बैल माझ्यामागं चालत आला. तेव्हापासून ते पाहुण्यांना एवढंच सांगतात, "आमच्या जावयाला लिवता येतं." तेही आजार सांगितल्यासारखं. या माणसानं एकदा तरी माझी मर्दुमकी बघावी, हीच माझी इच्छा. म्हणून पिंजरा त्यांनाच सांगितला आणि पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची ठेवली.

पिंजरा आला नेमका नाटकाच्याच दुपारी. तालमी आम्ही दोन बाक आडवे लावून केल्या होत्या. रोज बाक ढकलायचा, रोज सुटायचं.

"दार दाखवू का?" सासऱ्यांनी विचारलं.

"मामा, दारच हाय की. विमान थोडंच हाय?" मी ऐटीत म्हणालो.

पडदा सरकला तेव्हा ऊन उतरलं होतं. पटांगणातच मंच. मागं सुबाभळीचे हिरवेगार टहाळे रोवून दाट जंगल उभं केलेलं, पिंजऱ्यातही त्याच पाल्याचं अंथरूण. गणिताचे सर आणि कवायतीचे सर पहारेकरी. दोघं झकास घोरायला लागले. मी छाती फुगवून गरजलो, "मायभूमी, मी येतोय!" आणि दारावर खांदा आदळला.

दार जागचं हललं नाही.

"मायभूमी, आलोच!" लाथ मारली. खांदा बरा म्हणायची वेळ आली.

गणिताच्या सरांनी घोरता घोरता एक डोळा उघडला. "सर, निघा की. घसा बसायलाय माझा."

तेवढ्यात रानातून घराकडं निघालेल्या शेळ्या पटांगणात शिरल्या. सुबाभूळ दिसल्यावर शेळी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. एक मंचावर चढली, मग चार, मग मोजायचं सोडून दिलं. छावणीच्या डाव्या बाजूचं अरण्य बघता बघता साफ.

"गुरुजी, उरका लवकर!" मागून कुणीतरी ओरडलं. "जंगल संपायलंय!"

"वर उचला, वर!" बायाही ओरडायला लागल्या. पण प्रेक्षक काहीही बोलोत, तिकडं लक्ष द्यायचं नाही, हे तालमीत सगळ्यांना मीच बजावलं होतं. कलेशी इमान राखून मी ढकलत राहिलो. सासरे मांडीवर हात ठेवून एकटक बघत होते. मी आणखी जोरात ढकललं.

जंगल संपलं. एका तांबड्या शेळीला माझं अंथरूण दिसलं. तिनं दाराखाली तोंड घातलं आणि मान उचलली. दार सर्रकन वर गेलं! ती आत, मी रांगत बाहेर. पळून जायला झाड उरलं नव्हतं, म्हणून तिथंच उभा राहून शाळेच्या तिरंग्याला सलाम ठोकला. टाळ्या लय पडल्या. कुणासाठी, ते विचारू नका.

नंतर चहाच्या वेळी सासऱ्यांशेजारी जाऊन बसलो. विचारलं, "मामा, असलं दार कशाला केलं हो?"

त्यांनी बशीतला चहा संपवला.

"आतली शेळी नुस्ती ढकलत बसती, म्हणून मी दार वर उचलायचं करतो," ते म्हणाले. "जावई बी ढकलतच बसतील, हे मातर ध्यानात आलं न्हाई."